डेनिस हॅनलन यांचं मतदान

महापौर गिलफॉईल यांचं शव नगरभवनात ठेवलं होतं आणि दर्शनाची रांग पार कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यापर्यंत गेली होती. ट्रामचालक ओवेनच्या पुढे दोन बायका उभ्या होत्या. त्यांचं बोलणं ऐकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

"बोटीतून उतरल्यावर याच गुत्त्यात ग्लास विसळायचा गं हा. आणि पुढे तीनदा महापौर!"

"आमच्या ह्यांच्या, डेनिसच्या मयताला आला होता. शवपेटीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला."

"अगं नोरा, तुझे डेनिस तर पक्के रिपब्लिकन, याच्या विरोधी पक्षाचे ना? याचं नाव काढलं तरी थुंकायचे."

"मीही तेच म्हटलं त्याला. तर म्हणतो, बाई, आजपासून डेनिस आमचा."

"म्हणजे?"

"जिवंतपणी मत द्यायचा कंटाळा करायचे. मेल्यापासून एकही निवडणूक चुकवली नाही त्यांनी. दर वेळी मत गिलफॉईललाच."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मतदान झालं की संध्याकाळी दारात कोळशाचं पोतं येतं. जिवंतपणी कधी आणला होता त्यांनी कोळसा?"

"मग आज आभार मानायला आलीस होय?"

"छे गं. सांगायला आलेय त्याला, की आता नोव्हेंबरात तुलाही मत द्यायला जावं लागेल. डेनिससोबत जा म्हणावं, त्यांना सगळं माहीत आहे."