शंभराचा निम्मा छत्तीस

हॅलो? … हॅलो, संजू? थांब, कांद्याच्या चाळीतून बाहेर येते, इथं नीट ऐकू नाय येत… हां, बोल आता. पोचलीस का शाळेत? बघितली यादी? लागलं ना आपल्या पायलचं नाव?

… काय?

… नीट बघ ना गं. पायल वाल्मीक पगारे. आडनावावरून लावली असंल, 'प' मध्ये बघ… दोनदा बघितली?

… एका मार्कानं? चाळीस लागतात आन् हिला एकोणचाळीस? अगं बाई…

नाय, नाय, रडत नाय. धूळ गेली डोळ्यात, कांद्याची. … हो, हो, धूळच! सकाळपासून चाळ भरतोय ना… अगं ऐक ना, वर्षभर तुझी भाची त्या हॉस्टेलच्या शाळेचं नाव घेऊन झोपलीय गं. इथले गुरुजी म्हणतात, हिला शिकवायला माझ्याकडं आता काही उरलं नाय. पाचवीतली पोर, सातवीच्या पोरांना गणितं समजावती! आन् तिथल्या सहावीला हिला घेत नाय?

काय? पेपर दाखवतात? मग बघ ना, काय चुकलं ते तरी कळू दे… गणितातलं? हिचं? गप गं! … बरं, वाच.

… शेतकऱ्यानं एप्रिलमध्ये शंभर क्विंटल कांदा चाळीत भरला… हां… सप्टेंबरमध्ये त्यातला निम्मा विकला… किती विकला? एवढंच? पन्नास की! मलाबी येतंय हे. हिनं काय लिहिलं?

… छत्तीस?

पायल! ए पायल, इकडं ये आधी! शंभराचा निम्मा छत्तीस कधीपासून झाला गं? … थांब संजू, ही काय म्हणती ते ऐकू दे… अगं संजू! ही म्हणती, सप्टेंबरपर्यंत शंभरचे शंभर राहतात का? घट कोण धरणार?

… हसू नको, बरोबर हाय तिचं! कांदा सुकतो, सडतो, कोंब फुटतात. शंभरचे बहात्तर उरतात, त्याचा निम्मा छत्तीस! कुणी मॅडम हायत का तिथं? दे त्यांना फोन… दे म्हणते ना! नाय भांडत मी.

नमस्कार मॅडम. मी ललिता पगारे, पायलची आई, विंचूरजवळून बोलतेय… हो, हो, नियम हाय, कबूल. पण मॅडम, रागावू नका हां, हा प्रश्न ज्यानं काढलाय ना, तो जन्मात कांद्याच्या चाळीत उभा राहिलेला नाय!

… तुम्हीच काढलाय?

… माफ करा हां मॅडम. तोंडाला माझ्या लगामच नाय.

… नाय, नाय, अंदाजानं नाय लिहिलं तिनं. मागच्या एप्रिलात दहा किलो कांदा मोजून जाळीच्या पिशवीत भरला, चाळीत टांगला. दर रविवारी काटा लावायचा आन् भिंतीवर खडूनं आकडा लिहायचा. आम्ही म्हणायचो, काय खूळ लागलंय पोरीला! हिचे पप्पा एकदा त्यातले दोन कांदे भाजीला काढायला निघाले, तर असली भांडली… सप्टेंबरात किती भरली? थांबा… पायल, मॅडम विचारतात… सात किलो दोनशे ग्रॅम. हो, सगळे रविवार हायत. भिंतीचा फोटो? पाठवते की, आत्ता पाठवते… गेला का? … हो, थांबते.

पायल, नखं खाऊ नको. मोठ्या मॅडमना दाखवायला गेल्यात.

… हां, बोला मॅडम… काय म्हणालात? … परत एकदा म्हणा ना… चूक प्रश्नाची? पोरीची नाय? … चाळीस?! अहो पायलचे पप्पा, ते टोपलं ठेवा खाली! चाळीस झाले! घेतलं आपल्या पोरीला!

… हो मॅडम, पंधरा जूनला घेऊन येते. दाखला, गादी, ताट-वाटी, सगळं आणते. लय उपकार झाले… पेढे तर आणतेच, तुम्हाला कांदेबी आणते… हो, घट धरून जरा जास्तच आणते!

संजू? … आता तू रडतीस का? तिथं ऑफिसात कुठली कांद्याची धूळ आली गं तुला?

… पायलला देऊ? अगं ही बघ ना, आत्ता नाचत होती आन् आता गपकन खाली बसलीय. काय झालं गं बाळा? … बोल ना… थांब हां संजू… ही म्हणती, यंदाची पिशवी टांगून महिनाच झालाय, मी गेल्यावर वजन कोण करणार?

… अगं वेडे, मी हाय ना! संजू, रविवारी फोन देतात ना गं तिथं पोरींना? … देतात! ऐकलंस पायल? दर रविवारी काटा लावीन, भिंतीवर लिहीन आन् तुला आकडा सांगीन… हो, ग्रॅमसकट… नाय, एकबी रविवार नाय चुकवणार. शपथ.

… संजू, चल, ठेवते आता. हिनं काटा आणून हातात दिलाय. म्हणती, आधी माझ्यासमोर करून दाखव.