वरच्या आळीचा नळ आणि भाऊजींचा हात

...आणि वर मलाच विचारतात, "वहिनी, माझं चुकलं तरी काय?" आता काय सांगावं ह्या माणसाला! धाकटा दीर माझा, बोलून बोलून मी बोलणार किती? पण तुम्हीच सांगा बायांनो, भरली सभा, अख्खं गाव खाली मान घालून आपापल्या चपला निरखत बसलंय, तिथे ह्यांना कुणी सांगितला होता हात वर करायला?

झालं काय, पंचायतीतली एक खुर्ची रिकामी पडली. जुने मेंबर लेकीकडे राहायला गेले, कायमचे, घरदार विकून. लोक म्हणतात, खुर्ची सुटेना म्हणून गाव सोडलं... लोक म्हणतात हं, मी काही म्हणत नाही. तर सरपंचबाईंनी सभा बोलावली. बाई बोलायला अशा गोड, की नाही म्हटलेलं माणसाला घरी गेल्यावर कळतं. "जबरदस्ती नाही हं कुणावर. स्वखुशीनं, सेवा म्हणून कुणी येत असेल तर..." झालं! शिंप्याला एकाएकी खोकल्याची उबळ, न्हावी खिशात काहीतरी शोधतोय आणि ते काही केल्या सापडत नाहीये, आणि आमचे भाऊजी... जन्मभर लोकांच्या सायकली दुरुस्त केल्या, दुकान आता लेकाच्या हातात दिलं, तेव्हापासून घरात जे जे धड चालतंय ते ते उघडून बघतात. भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं, ते अजून उघडंच आहे. तर उठला ह्यांचा हात!

पण खोटं नाही बोलणार, हात हौसेनं नव्हता उठला. ह्यांचं घर वरच्या आळीत, चढाच्या टोकाला, आणि नळ कुठे? चढाच्या पायथ्याशी. माझ्या जावेचे गुडघे गेलेत. रोज सकाळी ती बादली घेऊन उतरते, भरून चढते, मध्ये तीनदा टेकते, आणि टेकली की वर बघून नवऱ्याचा उद्धार करते. भाऊजींना वाईट वाटतं. फार वाटतं. बादली उचलण्याइतकं नाही, पण वाटतं.

"मेंबर झालोच आहे, तर आळीत नळ आणूनच दाखवतो," म्हणाले.

जाऊ म्हणाली, "आधी ते घड्याळ मिटा."

गेले पहिल्या बैठकीला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, चेहरा असा की जणू नळ खिशातच आहे. आणि पहिलंच काम निघालं ते कुठलं? वरच्या आळीचा नळ! भाऊजी खुर्चीत पुढे सरकले, तोच कारकून उठला.

"भाऊ, जरा बाहेर बसा."

"मी? का?"

"तुमच्या दारातलं काम आहे ना? आपल्या दारातलं काम निघालं की मेंबरानं बाहेर जायचं. नियम आहे."

नियम चांगलाच हो, नाही कोण म्हणतं? नाहीतर एकेकाच्या दारात चारचार नळ दिसले असते. भाऊजी बाहेर बाकावर जाऊन बसले. वर खिडकी उघडी, आतलं सगळं ऐकू येतंय.

"वरच्या आळीचा नळ," सरपंचबाई म्हणाल्या. "कुणाचा विरोध?"

कुणाचाच नाही! भाऊजींनी बाकावर बसल्याबसल्या मिशीला ताव दिला. तेवढ्यात बेकरीवाला बोलला. तोही मेंबरच, आवाज असा जड, जणू तोंडात अर्धा पाव आहे. "विरोध कसला बाई, नळ व्हायलाच पाहिजे. पण आळीचा मेंबर खोलीत नाही. माणसाच्या पाठीमागे त्याच्या दारात खणायचं, हे बरं दिसतं का?"

"खरंच की! शोभत नाही ते. आले की घेऊ." आणि दार उघडून, "या भाऊ, या, बसा."

"नळाचं काय ठरलं?"

"अहो, तुमच्याशिवाय कसं ठरवणार? पुढच्या बैठकीला बघू."

पुढच्या बैठकीला भाऊजी छाती काढून म्हणाले, "हा बघा, मी आलोय. करा मंजूर."

"तुमच्यासमोर कसं करणार भाऊ? बाहेर बसा."

बसले बाहेर. आत कारकून म्हणाला, "अरेरे, आळीचे मेंबर नाहीत!"

तिसऱ्या बैठकीलाही तेच, चौथ्यालाही तेच. म्हणजे आत असले तर असतात म्हणून नाही, बाहेर असले तर नसतात म्हणून नाही! तुम्हाला सांगते, कुणी सांगितला होता हात वर करायला?

शेवटी भाऊजींनी बेकरीवाल्याला गाठलं. "हे चाललंय काय?"

तो शांतपणे म्हणाला, "माझ्या दारातला खड्डा पाहिलात ना? मी मेंबर झालो तेव्हा बशीएवढा होता. आता त्यात बदकं पोहतात."

"मग मेंबर कशाला झालात?"

"खड्डा बुजवायला."

आणि जाताजाता म्हणतो कसा, "तुमच्या आळीचं नशीब चांगलं होतं भाऊ. मेंबरच नव्हता ना तुमचा, म्हणून नळ होणारच होता. पाइपसुद्धा येऊन पडलेत पंचायतीच्या मागच्या खोलीत. तेवढ्यात तुम्ही..." आणि हात वर करून दाखवला.

भाऊजी घरी आले ते पाय ओढत. मला म्हणाले, "वहिनी, हिला सांगू नका." माझ्या पोटात गोष्ट राहते हो, मी कुणाला काही सांगत नाही. फक्त जावेला सांगितलं.

ती काही ओरडली नाही. गुडघ्याला तेल चोळत म्हणाली, "राजीनामा द्या."

दिला! चांगला दोघा साक्षीदारांच्या सह्या घेऊन दिला. बैठकीत कारकुनानं तो वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "भाऊ, जरा बाहेर बसा. राजीनामा म्हणजे तुमचंच काम नाही का?"

बाकावर बसले. वरून खिडकीतून बेकरीवाला ऐकू आला, "एवढ्या भल्या माणसाला त्याच्या पाठीमागे काढून टाकायचं? मला तर लाज वाटेल."

"आले की घेऊ," सरपंचबाई म्हणाल्या.

आता कपाळाला हात लावायचा, दुसरं काय! पण त्याच वेळी माझी जाऊ पाण्याला निघाली होती. पंचायतीपाशी थबकली, खिडकीतलं सगळं ऐकलं. नवऱ्याकडे पाहिलं. मग पाहिलं पंचायतीच्या अंगणातल्या नळाकडे, माळी तिथे झाडांना पाणी घालत होता, मनगटाएवढी धार! बादली भाऊजींच्या पुढ्यात ठेवली आणि रिकाम्या हातांनी चढ चढून घरी गेली. बाई वाटेत एकदासुद्धा टेकली नाही.

तेव्हापासून कारकून "बाहेर बसा" म्हणाला की भाऊजी बसत नाहीत, बादली भरतात. मग बैठक नसली तरी जायला लागले, कारण प्यायला रोजच लागतं. मग शेजारणीनं आपली कळशी दिली, तिच्या शेजारणीनं डबा. मेंबर आहेत, नाही कसं म्हणणार? आता रोज सकाळी चढानं वर येतात, शर्ट ओला, जीभ बाहेर, आणि आळीतली माणसं दारात उभी राहून कौतुकानं म्हणतात, "इतके मेंबर आले नि गेले, पण आमच्या आळीत पाणी आणलं ते ह्यांनीच."

आता ह्यात खोटं काय आहे, सांगा.