यादीत राहिलेली ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आमचे मास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, माझे बँडमधले सोबती आणि इतकी वर्षं आम्हाला सहन करणारे रसिकहो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. गाणाऱ्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे नुसता आवाज लावायला जातात, पण आज प्रयत्न करतो.

मास्तर एकतीस वर्षं आमच्याबरोबर व्हायोलिन वाजवून आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या वादनाबद्दल माझ्या आधीच्या वक्त्यांनी सुंदर सांगितलं. सूत्रसंचालकांनी त्यांच्या विसराळूपणाचा तो प्रसिद्ध किस्साही सांगितला. परदेश दौऱ्यात मास्तर यादीत स्वतःचंच व्हायोलिन लिहायला विसरले, हा तो किस्सा. सभागृह खळखळून हसलं. मास्तरही हसले. वहिनी हसल्या नाहीत, हे मी इथून पाहिलं.

सूत्रसंचालकांचा यात काडीचाही दोष नाही. महिन्याभरापूर्वी त्यांनी मला फोन करून विचारलं होतं, "मास्तरांचा एखादा गमतीचा प्रसंग सांगा ना." तो किस्सा त्यांना मीच पुरवला. बावीस वर्षं मी तो पुरवतो आहे. आज मला तो किस्सा नीट सांगायचा आहे. अध्यक्षमहोदय, थोडा वेळ जास्त गेला तर सांभाळून घ्या.

तो आमचा पहिला परदेश दौरा. आम्ही पाच जण: मी गाणारा, गिटारवर माझा मेहुणा, एक कीबोर्डवाला, एक ड्रमवाला आणि मास्तर. सहा आठवडे, एकोणीस कार्यक्रम आणि भाड्याची एक व्हॅन, जिचा मागचा दरवाजा दोघांनी ओढल्याशिवाय लागायचा नाही. परदेश दौरा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर झगमगाट येतो. आमच्या डोळ्यांसमोर आजही खोलीतलं बेसिन येतं. त्यात मोजे धुवायचे आणि माइकच्या स्टँडवर वाळत घालायचे! कार्यक्रम कुठे, तर कधी शाळेच्या जिमखान्यात, कधी ग्रंथालयाच्या तळघरात. एके ठिकाणी प्रेक्षक अकरा आणि खुर्च्या तीनशे. मास्तर म्हणाले, "अकरा तर अकरा. बाविसाव्या कानालासुद्धा बेसूर ऐकू जाता कामा नये."

एका खोलीत दोघं झोपायचो. मी घोरतो म्हणून माझ्याबरोबर कोणी राहायला तयार नव्हतं. मास्तर म्हणाले, "याला माझ्याकडे द्या. घोरतो, पण तालात घोरतो."

नवव्या कार्यक्रमात, ऐन मध्यावर, माझा आवाज बसला. बसला म्हणजे काय, नाहीसाच झाला. तोंड उघडलं की हवा बाहेर यायची. समोर लोक बसलेले. मी मागे वळून पाहिलं, तर मास्तर उठून माझ्या शेजारी येऊन उभे. गाण्याची प्रत्येक ओळ त्यांनी व्हायोलिनवर अशी म्हटली की लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. मी नुसता हात हलवत उभा होतो. कार्यक्रम संपल्यावर लोक माझंच अभिनंदन करून गेले. मास्तर म्हणाले, "घे, घे. आज बोलता येत नाही, तर नाकारताही येणार नाही तुला."

हे झालं आणि पुढच्या दहा दिवसांत मी काय केलं, ते आता सांगतो.

सीमा ओलांडताना वाद्यांची एक यादी लागायची. आत नेलेली प्रत्येक वस्तू त्या यादीत हवी, म्हणजे ती बाहेर काढताना अडचण येत नाही. कागदपत्रांचं काम माझ्याकडे होतं. हौसेनं मागून घेतलेलं. निघण्याआधी आमच्या तालमीच्या खोलीत बसून मी समोर दिसेल ते लिहीत गेलो. चौदा वस्तू लिहिल्या. ड्रमच्या काठ्यासुद्धा लिहिल्या. व्हायोलिन तेव्हा मास्तरांच्या घरी होतं. म्हटलं, त्याचं वर्णन विचारून नंतर लिहू, आणि एक ओळ मोकळी ठेवली. ती मोकळीच राहिली.

पहिल्या सीमेवर कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या सीमेवर एक अधिकारी बाई होत्या. अतिशय सभ्य. त्यांनी व्हॅनमधली एकेक वस्तू यादीशी ताडून पाहिली, मग मास्तरांच्या मांडीवरच्या व्हायोलिनच्या पेटीकडे बोट दाखवलं. यादीत व्हायोलिन नव्हतं. ते त्या ठेवून घेणार होत्या.

मेहुण्यानं विचारलं, "यादी कोणी केली होती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रसिकहो, खरं बोलायला किती वेळ लागतो? "मी केली, माझं चुकलं." संपलं. त्याऐवजी मी मास्तरांकडे वळलो आणि म्हणालो, "मास्तर, निघायच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडे यादी दिली होती ना? व्हायोलिनची ओळ तुम्ही भरणार होतात."

मी त्यांना यादी दाखवलीही नव्हती.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. आठवून पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी खोटं बोलत असेन, हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. ते म्हणाले, "दिली असशील रे. माझ्याच डोक्यातून गेलं असेल."

मग त्यांनी पेटी त्या बाईंच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "त्यांना एवढं सांग, हिटरजवळ ठेवू नका म्हणावं. लाकूड तडकतं." ते वाक्य मी त्या बाईंना समजावून सांगितलं. त्याच तोंडानं.

ते व्हायोलिन मास्तरांच्या थोरल्या भावानं केलेलं होतं. दादा वाद्यं दुरुस्त करायचे. आयुष्यभर दुसऱ्यांची वाद्यं जोडली, आणि लाकडाच्या फळीपासून स्वतः घडवलं ते हे एकच. आम्ही परत आल्यावर मास्तरांनी पत्रांवर पत्रं पाठवली. आठ महिन्यांनी उत्तर आलं की मुदत संपली, वस्तूची नियमानुसार विल्हेवाट लावण्यात आली. मास्तर ते पत्र घेऊन दादांकडे गेले आणि म्हणाले, "दादा, माझ्या हलगर्जीपणानं गेलं." दादांनी दुसरं व्हायोलिन केलं नाही. आज दादा नाहीत. त्यांना खरं सांगायची सोय मी ठेवली नाही.

पण वाद्य गेलं, एवढ्यावर हे थांबलं नाही. त्या दिवसापासून मास्तरांचा स्वतःवरचा विश्वास उडाला. खिशात वही आली. 'गॅस बंद केला. किल्ली घेतली. दार ओढून पाहिलं.' एकच गोष्ट दोनदोनदा विचारायला लागले. आपण त्याचे विनोद केले. संगीत विद्यालयानं त्यांना प्रमुख म्हणून बोलावलं, तर माझ्यासमोर म्हणाले, "नको. माझ्या भरवशावर एवढी मुलं कशी सोपवायची?" मी चहा पीत होतो. मी चहा पीत राहिलो.

डॉक्टरसाहेब, वहिनी त्यांना तुमच्याकडे घेऊन आल्या होत्या. तुम्ही सगळं तपासून म्हणालात की यांची स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. मास्तरांनी घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर फार चांगले आहेत, मला बरं वाटावं म्हणून बोलले."

काल संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. आजवर हे सांगायला गेलो नव्हतो. आधी लाज होती, मग नुसती सवय झाली. पण आज ते निघून जाणार आणि निरोपाचं भाषण मी करणार, हे मला पेलेना. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वहिनी दारातच थांबल्या होत्या.

मास्तर म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

म्हटलं, "नाही मास्तर. तुम्हाला यादी दिलीच नव्हती."

ते वहिनींकडे वळले. "अगं, ऐकलंस का? मी विसरलो नव्हतो!" आणि हसले. परीक्षेत पास झाल्यावर एखादं पोर हसतं तसे. मला वाटलं होतं रागावतील, घराबाहेर काढतील. त्यांना आनंद झाला होता, रसिकहो. तो आनंद मला बघवला नाही.

वहिनी मला बसा म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गेली बावीस वर्षं हे रोज मला विचारतात, मी काही विसरलो नाही ना? भावजी, घरात येऊन कानात सांगितलंत. विसराळू मात्र चारचौघांत केलंत."

म्हणून आज चारचौघांत सांगतो आहे. सूत्रसंचालकांना कालच फोन करून तो किस्सा थांबवायला हवा होता. चार वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. तेवढाही धीर झाला नाही. तुम्ही हसलात तेव्हा, सगळं ठाऊक असूनही, मास्तर हसले. मला सावरून घेण्यासाठी हसले.

मानपत्राची तिसरी ओळ, 'विसराळू तरीही सुरेल', ती कृपया खोडावी, अशी आयोजकांना विनंती. मानपत्र नव्यानं लिहून, मढवून मी स्वतः त्यांच्या घरी पोहोचवीन. वहिनींनी दार उघडलं तर हातात देईन, नाही तर शेजारी ठेवून येईन.

मास्तर, नका उठू. खाली बसा. नाही, माइक मी देणार नाही तुम्हाला. तुम्ही काय बोलणार, ते मला माहीत आहे.

आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल आभार. वेळ जास्त घेतला, एखाद्या मान्यवरांचा उल्लेख राहून गेला असेल, शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर तेवढ्यापुरती आपली सर्वांची क्षमा मागतो. मास्तरांची मात्र आज मागत नाही. मागितली तर ते इथल्या इथे देऊन टाकतील, आणि ती मला इतक्या स्वस्तात मिळू नये.

नमस्कार.