एका गुणाचा निकाल

मी, शाळेतून निवृत्त झालेला व्यायामशिक्षक व मुष्टियुद्धाचा पंच, वय वर्षे ६१, राहणार शाळेमागील इमारत, तिसरा मजला, मुलगा व सून यांच्यासह, आज स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन जबाब देतो की,

तीन महिन्यांपूर्वी मुलींच्या निवड स्पर्धेत गुण देणाऱ्या पाच पंचांत मी होतो. अंतिम लढतीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मुष्टियुद्ध संघटनेचे सचिव मला वजनकाट्याच्या खोलीत भेटले. खोलीत तिसरे कोणी नव्हते. ते म्हणाले, "सर, मुलगा अजून हंगामीच ना? पाणीपुरवठ्यात कायमची जागा निघतेय. लाल कोपऱ्यातली मुलगी आपली आहे. एका गुणाचं इकडं तिकडं होतंच."

मी हो म्हणालो नाही. नाही असेही म्हणालो नाही.

निळ्या कोपऱ्यात जिला सगळे ठिणगी म्हणतात ती मुलगी होती, वय एकोणीस. पहिल्या दोन फेऱ्या एकेक झाल्या होत्या; तिसरी फेरी तिने स्पष्ट जिंकली. मी ती लाल कोपऱ्याला दिली. निकाल तीन पंच विरुद्ध दोन असा लाल कोपऱ्याकडे गेला.

लढतीनंतर ठिणगी हाताच्या पट्ट्या सोडत माझ्याकडे आली. "सर, माझं कुठं चुकलं?" मी म्हणालो, "डावा हात खाली राहतो तुझा." तिचा हात खाली राहत नव्हता.

पुढच्या महिन्यात मुलाला कायम नेमणुकीचे पत्र मिळाले. सुनेने पत्र दोनदा मोठ्याने वाचले. मी जेवलो नाही; पोट बिघडल्याचे सांगितले.

नवीन पंचांना शिकवायला मी सराव सभागृहात जातो. तेथे ठिणगी डावे मनगट पट्ट्याने गळ्याशी बांधून सराव करताना दिसे. डावा ठोसा हेच तिचे बळ होते. तो आता उशिरा सुटतो.

काल सायंकाळी पाच वाजता मी तिला बाजूला बोलावून खरे सांगितले. बराच वेळ ती पट्ट्याचे बक्कल उघडत होती. मग म्हणाली, "म्हणजे तीन महिने मी काय सुधारत होते, सर?"

आज ठाण्यात जाणार असल्याचे घरी मुलाला सांगितले. तो म्हणाला, "बाबा, तुमचं सगळं झालं करून. माझं आत्ता कुठं मार्गी लागतंय." सकाळी मी निघालो तेव्हा दार आतून लावून घेतल्याचा आवाज आला.

पैशाऐवजी नोकरी घेतली तरी ती लाचच, आणि देणाऱ्याइतकाच घेणाराही शिक्षेस पात्र, हे अंमलदारांनी मला समजावले. मला ते आधीपासून माहीत होते. पंचांच्या वर्गात तो धडा मीच शिकवतो.

हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी "माझ्याकडून चूक झाली" असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "मी गुन्हा केला" असे केले व शेजारी मी सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच व खरे आहे.