अकरा नंबरची दोन मापे

पुरवणी जबाब
पोलीस ठाणे, दम्माम. दि. १८ मे.

मी, केरू धोंडू शिगवण, वय ६६ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा बायकांच्या कपड्यांची शिलाई, राहणार दम्माम, दुकानामागची खोली, मूळ गाव पालवणी, ता. मंडणगड, जि. रत्नागिरी, स्वतःहून हजर होऊन लिहून देतो की,

हा जबाब द्यायला नऊ दिवस उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. माझा पहिला जबाब ९ मे रोजी झाला. त्या वेळी मी हिंदीत बराच वेळ बोललो आणि समोर अरबीत चारच ओळी उतरल्या. त्यात काय राहिले आणि काय वाढले ते मला माहीत नाही. म्हणून आज मी माझ्या हाताने मराठीत लिहीत आहे. दुभाषी श्री. इंद्रनील जुबैलहून आले आहेत, ते याचे अरबी करतील.

माझे फायनल एक्झिट, म्हणजे कायमचे घरी परतायचे कागद, लागले आहे. विमान २४ मेला आहे. जबाब बदलणाऱ्याला देशाबाहेर सोडत नाहीत, असे दुकानातला कटर नागेश म्हणाला. तो थट्टेने म्हणाला की खरे, हे त्याच्या बोलण्यावरून कधीच कळत नाही. त्यामुळे शेवटचे दोन दिवस मी नुसता घाबरून बसलो होतो.

आमच्या दुकानात सतरा वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचे काम येते. वरचा शर्ट कंपनीचा तयार असतो. त्याच्या आत घालायचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खालची लांब पँट आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी आम्ही शिवतो. बाईमाणसाला आम्ही टेप लावत नाही. तिला बसणारा जुना कपडा नमुना म्हणून येतो, तो टेबलावर पसरून मोजायचा. एकतीस वर्षे मी असेच काम केले. ज्यांचे कपडे शिवले त्यांतली एकही मुलगी या महिन्यापर्यंत मी समोर उभी पाहिली नव्हती. मला त्या नंबराने आणि मापाने माहीत आहेत.

अकरा नंबरची मुलगी रीमास. गेल्या वर्षी जुलैत तिची नमुन्याची पँट आली ती लांबीला छत्तीस इंच. या वर्षी ३ मे रोजी संघ परदेशी स्पर्धेला जाणार म्हणून नवे नमुने आले. अकरा नंबरची पँट अडतीस इंच निघाली. खांदा अर्धा इंच जास्त, बाही सव्वा इंच जास्त. मी दोनदा मोजले. मग नागेशची टेप घेऊन मोजले, कारण माझी टेप ताणली गेली असेल असे तो म्हणाला. त्याच्या टेपनेही अडतीसच भरले.

तेव्हा माझ्या मनात आले की एकीच्या नावावर दुसरीच मुलगी खेळते आहे. वयाने मोठी असावी. नमुन्याची पिशवी मुलीची आई उम्म नायफ आणून देत असे. ती खिडकीतून पिशवी सरकवायची आणि लगेच निघायची. गाडी दारात चालूच असायची. मागच्या काळ्या काचेआड कोणीतरी बसलेले असायचे, पण खाली उतरायचे नाही. मी गाडीचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला. बाईला दोन मुली असाव्यात आणि मोठीला ती लपवत असावी असे मी ठरवले. नागेश म्हणाला, "केरूकाका, तुम्ही टेलर आहात की सीआयडी? बिचारीने एसी चालू ठेवला असेल, बाहेर पंचेचाळीस आहे." मी त्याचे ऐकले नाही. बाईने एकदा पिशवीबरोबर दिलेला चहा तो प्यायलेला आहे, म्हणून तिची बाजू घेतो, हेही माझ्या लक्षात होते.

५ मे रोजी टोप्यांचे पार्सल द्यायला मी मैदानावर गेलो. जाळीतून सराव दिसत होता. चेहरे मी ओळखत नाही. मी माझे शिवलेले कपडे बघत होतो. अकरा नंबर डाव्या बाजूने पळाली आणि तिने हात वर केला, तेव्हा माझ्या हातच्या गेल्या वर्षीच्या शर्टाची बाही मनगटाच्या बरीच वर चढली. शर्ट एकीच्या मापाचा आणि अंगात दुसरीच्या, असा मी अर्थ लावला. ती जोरात पळत होती. दोघींना मागे टाकून तिने गोल केला. त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

संघाचे कपडे सांभाळणाऱ्या अबीर बाई पार्सल घ्यायला फाटकावर आल्या. मी त्यांना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "या अम्म, नक्की ना? मला हे वर कळवावे लागेल." या अम्म म्हणजे अहो काका. मी म्हणालो, "एकतीस वर्षे मापे घेतोय." नक्की आहे असे मी म्हटले नाही. नाही असेही म्हटले नाही. त्यांनी ऑफिसात कोणत्या शब्दांत सांगितले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला संघातून बाजूला बसवले. दुसऱ्याचे ओळखपत्र वापरल्याचा संशय म्हणून प्रकरण या ठाण्यात आले आणि मला बोलावणे आले.

पहिल्या जबाबात मी दोन गोष्टी सांगितल्या नाहीत. कोणी विचारल्या नाहीत हे खरे, पण मला त्या दिसल्या होत्या.

एक. जुन्या छत्तीस इंची पँटच्या तळाला आडव्या दोन घड्यांच्या खुणा होत्या. तळ दोन वेळा उसवून खाली उतरवलेला होता.

दोन. दोन्ही पँटना उजव्या गुडघ्यावर आतून ठिगळ होते. दोन्ही ठिगळे एकाच हाताची, बारीक आणि डावीकडे कललेल्या टाक्यांची. एकाच आईने एकाच मुलीचा तोच गुडघा दोनदा शिवला होता. टाका कोणाच्या हातचा आहे हे मला ओळखता येते. संशयात ते बसत नव्हते, म्हणून मी ते बाजूला ठेवले.

१६ मे रोजी दुपारी साडेचारला, अस्रच्या नमाजानंतर दुकान उघडले तेव्हा उम्म नायफ आली. या वेळी मुलगी बरोबर होती आणि गाडीतून उतरली होती. शाळेचे दप्तर तिच्या पाठीवरच होते. गाडीत बसून ती अभ्यास करते असे आई म्हणाली. बाईने स्वतःची टेप आणली होती. ती नागेशला म्हणाली, "तू लिही. हा अम्म नको, हा पोलिसांसाठी लिहितो."

पडद्याच्या पलीकडे तिने मुलीला मोजले आणि आकडे ओरडून सांगितले. पँट सव्वा अडतीस. मेच्या नमुन्यापेक्षाही पाव इंच जास्त. मुलगी आतून म्हणाली, "यम्मा, हळू, गुदगुल्या होतात." आई म्हणाली, "गप्प उभी राहा. तू वाढायची थांबली असतीस तर मला इथे यावे लागले नसते."

मग ती खिडकीशी आली. तिचा चेहरा झाकलेला होता. ती म्हणाली, "मला चार मुलगे आहेत आणि ही एक. दुसरी मुलगी कुठे आहे ते तू दाखव, मी तिलाही घरी घेऊन जाते."

मी टेप गुंडाळू लागलो, तर तिने विचारले,

"तुला मुलगी आहे?"

"आहे. स्वप्नाली."

"ती चौदा वर्षांची होती तेव्हा एका वर्षात किती वाढली?"

मला आकडा सांगता आला नाही. स्वप्नाली आता एकोणतीस वर्षांची आहे. ती चौदाची होती त्या वर्षी मी जुबैलला शिलाईच्याच कामावर, कॅम्पमध्ये राहत होतो आणि त्या वर्षी सुट्टी मिळाली नव्हती. बाई वाट बघत उभी राहिली. मागून नागेश हळूच म्हणाला, "काका, तुम्ही घरी फ्रॉक पाठवायचात ना, ते तिला बसायचे का कधी?" तो नेहमी थट्टा करतो. या वेळी थट्टा वाटली नाही. दर वेळी मागच्या सुट्टीत घेतलेल्या मापाने मी फ्रॉक शिवत असे. ते आखूड झाले असे पत्रात कधी आले नाही. ते फ्रॉक पुतणीच्या अंगावर मी पुढच्या सुट्टीत पाहिले होते. याचा या प्रकरणाशी संबंध नाही, परंतु विचारले होते म्हणून लिहिले.

बाईने नवीन मापांचा कागद टेबलावर ठेवला आणि ती गेली. मुलीने जाताना मला सलाम केला. त्याचे कारण मला कळले नाही.

तरी मी आता सांगतो की दोन्ही मापे एकाच मुलीची आहेत. मुलगी दहा महिन्यांत वाढली आहे. ती दुसरी कोणी आहे असे मी जे सुचवले त्याला माझ्याकडे पुरावा नाही, तेव्हाही नव्हता. अबीर बाईंना मी पैसे किंवा काही मागितले नव्हते आणि मला कोणी शिकवलेले नाही. पुरवणी जबाबामुळे माझे एक्झिट थांबत असेल तर तसे लिहून द्यावे, मी थांबेन. फक्त संघाचे विमान २१ मेला आहे, ते थांबणार नाही. त्याआधी हा कागद संघाच्या ऑफिसात पोचला पाहिजे. पोचला की नाही हे मला कोण सांगणार, हेही मला कळलेले नाही.

अकरा नंबरची नवी पँट दुकानात तयार आहे. नागेश देईल. तळाला आतून दोन इंच कापड जास्तीचे दुमडले आहे. टीप उसवली की उतरते, नवीन शिवायला नको.

वरचा सगळा मजकूर इंद्रनील यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी कागदावर बोट ठेवून शेवटपर्यंत ऐकला. मधले काही गाळलेले नाही आणि जादा काही घातलेले नाही. मी लिहिल्याप्रमाणे तो बरोबर आहे, म्हणून सही करतो.

केरू धोंडू शिगवण

ता. क. मुलगी विमानात बसली की नाही, एवढे कृपा करून लवकर कळवावे. माझा इथला फोन २४ तारखेपर्यंत चालू आहे. त्यानंतर स्वप्नालीच्या फोनवर कळवावे, तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. ती विचारील कोणती मुलगी, तर अकरा नंबर एवढेच सांगावे. बाकीचे मी घरी गेल्यावर तिला सांगेन.