मालकांच्या कोटातली चांदी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय गुरुसिद्धप्पा, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, समोर बसलेल्या दाक्षायणीबाई, होटगी रोडवरच्या आपल्या कारखान्यातील बंधुभगिनींनो, आणि आजचे उत्सवमूर्ती चनबसप्पा,

भट्टीवरचे आमचे फोरमन उद्या अक्कलकोटला लेकीकडे राहायला जाणार. त्यांना निरोप द्यायला मी उभी आहे, आणि द्यावासा वाटत नाही.

पाहुण्यांना आमचा धंदा सांगायला हवा. मोठ्या कारखान्यांत धातू वितळवल्यावर टाकून दिलेली मळी, ॲसिडात धुऊन उरलेला गाळ आम्ही आणतो आणि त्यातली उरलीसुरली चांदी, तांबं काढतो. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला काटा-चमचा धरायला शिकवलं. भट्टीचा चिमटा चनबसप्पांनी. हसू नका दाक्षायणीबाई, तुमच्या यजमानांनी तो कितीदा माझ्या हातून काढूनही घेतलाय!

मालकांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, एक रीत घातली होती. खंडेनवमीच्या आधी कामाचे जुने कपडे, गोणपाट, केरसुण्या जाळायच्या आणि राख भट्टीत घालायची. त्यांत बसलेली चांदीची धूळ अशी परत मिळते. बहात्तरच्या दुष्काळानंतर मालक गेले, त्या वर्षीही रीत चुकली नाही. त्यांचा खाकी कोट मी प्रयोगशाळेत खुंटीवर मुद्दाम ठेवला होता. ॲसिडाचा आणि त्यांच्या तपकिरीचा वास यायचा त्याला. दुपारी कोणी नसलं की मी तिथे जाऊन उभी राहत असे. आणि सणाच्या सकाळी चनबसप्पांनी हसत हसत माझ्या तळहातावर चांदीचा एक मणी ठेवला.

“अक्का, मालकांच्या कोटातली हाय! लई निघाली की. दुसऱ्या कुनाच्या कपड्यात येवडी न्हाय.”

चांदीला वास नसतो हो. मी म्हटलं, “मला कोट हवा होता, चनबसप्पा.”

ते गोरेमोरे झाले. मग थेट मालकांच्या आवाजात बोलले, “चनबसप्पा, इथलं काही वाया जाऊ द्यायचं नाही. काय?” शेवटचा ‘काय’ तसाच लांबवलेला. माझं रागवायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून मी निमित्तं शोधते. भट्टी थंड पडली, मालक काय म्हणाले असते? चहा फिका झाला, मालक काय म्हणाले असते? आणि चनबसप्पा त्या आवाजात सांगतात. बाकीचे हसतात, “अक्का, फोरमनचा रेडिओ केला की तुमी!” हसू द्या. पण उद्यापासून मी कोणाला विचारू?

आपण सारे कामं बाजूला ठेवून आलात, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं सोडून द्या. आता चनबसप्पा उत्तराला उठतील. चनबसप्पा, भाषण तुमचं तुम्ही करा. पण आधी एकदा मला हाक मारा, ते मारायचे तशी.