जिना नसलेलं घर

वहिनी, अरुणचे बाबा, महूची मंडळी, आणि कारखान्यातले माझे साथी. अरुणच्या शोकसभेला विहारात जागा पुरली नाही, बाहेर ओट्यावरही लोक उभे आहेत. मला भाषण येत नाही. आणि आज तोंड उघडायची मला लाज वाटते. का, ते सांगतो.

मी दिलीप. राऊ गावच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात अरुण आणि मी बारा वर्षं एका मशीनवर होतो. दोन वर्षांपूर्वी माल चढवताना अरुण माळ्यावरून खाली पडला. माळ्याला कठडा नव्हता. कठडा लावा, कठडा लावा, म्हणून तोच सगळ्यात जास्त ओरडायचा. कंबरेखालचं सगळं गेलं.

दवाखान्याच्या वाटेवर मॅनेजर साहेब मला म्हणाले, "डॉक्टर को बोलना, घर की सीढ़ी से गिरा. इलाज सेठजी करवा देंगे." डॉक्टरांनी विचारलं. आणि मी बोललो. घरच्या जिन्यावरून पडला. अरुण स्ट्रेचरवर ऐकत होता. गप्प राहिला. त्यालाही वाटलं, सेठजी बघतील.

सेठजींनी एक महिना बघितलं. मग म्हणाले, आम्ही विमा काढलाय, कंपनीकडे जा. विमा कंपनी म्हणाली, दवाखान्याच्या कागदावर घर लिहिलंय, ही कामावरची दुखापत नाही. झालं. दोघांनीही हात वर केले.

आता तुम्ही मला सांगा. अरुणच्या घरी तुम्ही सगळे जेवला आहात. त्या घरात जिना कुठे आहे? दोन खोल्या आणि वर पत्रे. कुणी पाहिलाय जिना? विमा कंपनीचा एक माणूस बघायला आला नाही.

अरुण मला कधी टाकून बोलला नाही. मी गेलो की पलंगावरून पाहुण्यांना सांगायचा, "हे आमचे मिस्त्री. एका वाक्यात जिना बांधला. भिया, आता वर एक खोली पण काढून दे." सगळे हसायचे. मी पण हसायचो.

शेवटच्या आठवड्यात तो हसला नाही. म्हणाला, "दिलीप, तो जिना पाडून टाक."

पाडतो, भावा. येत्या मंगळवारी लेबर कोर्टात अरुणच्या भरपाईच्या दाव्याची तारीख आहे. वकील म्हणतात, माणूस गेला म्हणून त्याचा हक्क जात नाही, तो वहिनींकडे येतो. मी शपथेवर सांगणार आहे, मी खोटं बोललो, आणि कुणी बोलायला लावलं तेही.

मॅनेजर साहेब दाराजवळ बसलेत. हार घेऊन आलेत, बरं केलं. मला कामावरून काढायचं तर काढा, पण ऐकून जा. वहिनी भीक मागत नाहीत. ज्याने कामाला लावलं त्याची जबाबदारी आहे, आणि ज्याने विम्याचे हप्ते घेतले त्याची पण. तुमचं तुम्ही आपसात काय ते भांडा. वहिनींना या दारातून त्या दारात फिरवू नका.

त्या दिवशी शिफ्टला अरुण सोडून आपण अकरा जण होतो. तो कुठून पडला, ते अकराही जणांनी पाहिलंय.

आता दोन मिनिटं उभे राहू या. गप्प राहायचं ते एवढंच. मग मी ओट्यावर साक्षीचा कागद घेऊन बसतो. पहिली सही माझी झाली आहे. खाली दहा जागा सोडल्या आहेत.

अरुण, जय भीम.